लाल पाचू म्हणून दाखवलेला ३.२० कॅरेटचा खडा: खरा असू शकेल का?

गोदाकाठ (परभणी) यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार. माझ्या धाकट्या बहिणीसाठी अंगठी करायची आहे. पत्रिका पाहून गुरुजींनी माणिक सुचवले होते, परंतु चांगल्या माणकाचा भाव आमच्या आवाक्यातला नाही. तेव्हा खड्यांचा व्यापार करणाऱ्या एका परिचितांनी माणकाऐवजी ‘लाल पाचू’ घ्या असे सांगितले आणि एक सुटा खडा पसंतीसाठी घरी ठेवायला दिला. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे हा बिक्सबाइट नावाचा अत्यंत दुर्मीळ दगड असून तो फक्त अमेरिकेतील यूटा राज्यात सापडतो. खड्याचे वजन ३.२० कॅरेट आहे, रंग पिकलेल्या डाळिंबाच्या दाण्यासारखा गडद आहे आणि साध्या भिंगाखाली आत एकही रेघ किंवा डाग दिसत नाही. भाव कॅरेटला साडेचार हजार रुपये सांगितला आहे. सोबत एक छापील कार्ड आहे, मात्र त्यावर कोणत्याही प्रयोगशाळेचे नाव नाही.

दुसरी शंका याच विषयाशी लागून आहे. सेलू तालुक्यातील आमच्या शेतात विहीर खोल करताना मांजऱ्या खडकाच्या पोकळ्यांमध्ये तांबूस-लाल रंगाचे चकचकीत स्फटिक निघाले. हा खडा पाहिल्यापासून ‘आपल्या विहिरीत निघाले ते हेच रत्न’ असे चुलते म्हणू लागले आहेत आणि त्यांनी ते स्फटिक कुलुपात ठेवले आहेत. यात काही तथ्य असू शकते का? जाणकारांनी कृपया सविस्तर मार्गदर्शन करावे, कारण पैसे देण्याआधी मला दोन्ही गोष्टींचा उलगडा हवा आहे.

कातळवाचक (नांदेड) यांचे उत्तर

मी महाविद्यालयात भूशास्त्र शिकवतो, त्यामुळे आधी दगडाबद्दल लिहितो. बाजाराबद्दल लिहिणारे अधिक जाणकार इथे आहेत.

आपल्या परिचितांनी उल्लेखलेले खनिज खरोखर अस्तित्वात आहे. शास्त्रीय भाषेत ते लाल बेरिल होय. पाचू, समुद्रनिळा ॲक्वामरीन आणि गुलाबी मॉर्गनाइट ही सगळी बेरिलचीच भावंडे आहेत, म्हणजे बेरिलियम, ॲल्युमिनियम, सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांची तीच षट्कोनी रचना. फरक पडतो तो रंग देणाऱ्या अल्पशा मूलद्रव्याने. पाचूला हिरवा रंग क्रोमियम किंवा व्हॅनेडियममुळे येतो, तर लाल बेरिलला तो मँगनीजच्या एका विशिष्ट, अधिक ऑक्सिडीभूत अवस्थेमुळे येतो. मॉर्गनाइटमध्येही मँगनीजच असते, पण तिथे रंग फिक्या गुलाबीवर थांबतो.

१९०४ मध्ये मेनार्ड बिक्सबी यांना हे खनिज यूटातील थॉमस रेंज या डोंगररांगेत प्रथम सापडले आणि १९१२ मध्ये आल्फ्रेड एपलर यांनी त्यांच्या सन्मानार्थ त्याला बिक्सबाइट हे नाव दिले. त्याआधीच, १८९७ मध्ये, त्याच बिक्सबींच्या नावावरून बिक्सबायाइट हे मँगनीज-लोहाचे एक काळे खनिज नोंदले गेले होते, म्हणून घोटाळा टाळण्यासाठी आता लाल बेरिल असेच म्हणण्याचा संकेत आहे. थॉमस रेंजमधील स्फटिक बारीक आहेत. पैलू पाडता येईल असा माल जिथून आला ती जागा वेगळी: त्याच राज्यातील वाह वाह पर्वत. तिथे १९५८ मध्ये युरेनियम शोधत हिंडणाऱ्या लामार हॉजेस यांच्या नजरेला हे लाल स्फटिक पडले. न्यू मेक्सिको राज्यातही लाल बेरिलची नोंद आहे, पण दागिन्यात बसवण्याजोगा माल म्हटला की वाह वाह पर्वतातील ती एकच छोटी जागा उरते, आणि तिथलेही नियमित खाणकाम या शतकात जवळजवळ थंडावले आहे.

हे इतके दुर्मीळ का, हे समजून घेतले तर आपल्या दोन्ही शंकांचे उत्तर एकाच धाग्यात मिळते, आणि तो धागा पाण्याचा आहे. बेरिलच्या रचनेत स्फटिकाच्या उभ्या अक्षाला समांतर अशा पोकळ नळ्या असतात. पाचू किंवा ॲक्वामरीन तयार होतात तेव्हा भोवताली उष्ण, पाणीदार द्राव असतो आणि त्यातले थोडे पाणी या नळ्यांमध्ये कायमचे अडकून राहते. लाल बेरिलचा जन्म वेगळ्या परिस्थितीत होतो. वाह वाह पर्वतात सुमारे २ कोटी वर्षांपूर्वी रायोलाइट नावाचा, सिलिका आणि फ्लोरिनने समृद्ध असा लाव्हा बाहेर पडला. तो थंड होऊन आकसला तेव्हा त्याला भेगा पडल्या. बेरिलियम वाहून आणणारे अतितप्त वायू त्या भेगांमधून वर चढले आणि आधीच गोठलेल्या खडकातील फेल्डस्पार, ज्वालामुखी काच, लोह आणि मँगनीज यांच्याशी त्यांची क्रिया होऊन हे स्फटिक भेगांच्या कडेला वाढले. त्यामुळे नैसर्गिक लाल बेरिलच्या त्या नळ्या जवळपास कोरड्या असतात. बेरिलियम मुळातच दुर्मीळ मूलद्रव्य आहे. ते, पुरेसे मँगनीज, ऑक्सिजनयुक्त वातावरण आणि उच्च तापमान हे सर्व एकाच भेगेत एकाच वेळी जुळून यावे लागते. असा योग पृथ्वीवर फार थोड्या ठिकाणी आला.

आता आपल्या विहिरीकडे वळू. मराठवाड्याचा बहुतांश भाग दख्खनच्या काळ्या बेसाल्टने बनलेला आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या या लाव्हात सिलिका रायोलाइटपेक्षा बरीच कमी आणि बेरिलियम तर नगण्यच. लाव्हातील वायूंचे बुडबुडे गोठून ज्या पोकळ्या राहिल्या, त्याच मांजऱ्या खडकातल्या पोकळ्या. पुढे त्यांमधून खनिजयुक्त पाणी दीर्घकाळ झिरपत राहिले आणि त्या पाण्यातून झिओलाइट गटातील खनिजे, कॅल्साइट, गारगोटी, अकीक अशा गोष्टी साचल्या. झिओलाइटच्या तर रचनेतच भरपूर पाणी असते. म्हणजे यूटातले ते खनिज कोरड्या वायूतून जन्मलेले आणि आपल्या विहिरीतले पाण्यातून. दोघांची जन्मकथाच परस्परविरुद्ध आहे. आपल्या वर्णनावरून ते स्फटिक लोहामुळे तांबूस झालेले ह्यूलँडाइट किंवा स्टिल्बाइट असावेत. त्यांचा एखादा पृष्ठभाग मोत्यासारखा झळकत असेल आणि नको असलेल्या तुकड्यावर पोलादी सुरीचे टोक ओढल्यास सहज ओरखडा उठत असेल, तर ते झिओलाइटच समजावे. बेरिलची कठिनता ७.५ ते ८ असते, त्यावर सुरीचा काहीही परिणाम होत नाही.

नांदेड जिल्ह्याच्या पूर्वेला, देगलूर-बिलोलीकडे, बेसाल्टखालचा प्राचीन ग्रॅनाइट उघडा पडलेला आहे, एवढा एक अपवाद आपल्या भागात आहे. परंतु ग्रॅनाइट जमिनीखाली खोलवर सावकाश थंड होतो; लाल बेरिलला लागणारा भेगाळलेला, फ्लोरिनयुक्त रायोलाइट तिथेही नाही.

चुलत्यांना सांगा की स्फटिक जपून ठेवण्यासारखेच आहेत. चांगल्या आकाराच्या झिओलाइटला जगभरचे खनिजसंग्राहक मान देतात. फक्त ते तापवू नयेत, ॲसिडने धुऊ नयेत, आणि शक्यतो ज्या खडकाला चिकटले आहेत त्यापासून वेगळे करू नयेत. नक्की ओळख हवी असल्यास स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात भूशास्त्र संकुल आहे, तिथे नमुना दाखवता येईल.

जुना सराफा (जालना) यांचे उत्तर

कातळवाचक सरांनी मूळ गोष्ट सांगितली आहे. मी फक्त समोरच्या खड्याबद्दल लिहितो.

आपल्या वर्णनातील तीन गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत: ३.२० कॅरेट वजन, आतून पूर्ण स्वच्छ, आणि साडेचार हजारांचा भाव. नैसर्गिक लाल बेरिलचे बहुतेक स्फटिक १ सेंटीमीटरच्या आतले असतात आणि त्यांच्या पोटात भेगा, पिसासारखे पापुद्रे, भरून आलेल्या चिरा हमखास असतात. त्यामुळे पैलू पाडल्यावर हाती येणारा खडा बहुधा १ कॅरेटच्या खालीच राहतो. भेगा दिसू नयेत म्हणून त्यांत राळेसारखे पदार्थ भरण्याची पद्धतही या दगडात सर्रास आहे. १ कॅरेटच्या वरचा चांगला खडा निघाला तर त्याचा भाव कॅरेटला हजारो डॉलर होतो. ३ कॅरेटचा निर्मळ खडा पसंतीसाठी कोणी कागदाच्या पुडीत घरी पाठवून देणार नाही.

मग तो काय असू शकेल? रंगीत काच, गार्नेट, लाल टूर्मलीन, रंगवलेला स्फटिक (क्वार्ट्झ), किंवा प्रयोगशाळेत वाढवलेले लाल बेरिल. शेवटची शक्यता अनेकांना ठाऊक नसते. १९९० च्या दशकात रशियात उष्ण पाण्याच्या दाबाखाली लाल बेरिल वाढवण्याची पद्धत बसली आणि तो माल बाजारात आला. रसायनदृष्ट्या ते बेरिलच असते, म्हणून वरवरच्या चाचण्यांत ते पास होते आणि दुकानदाराला बेरिल म्हणून छातीठोकपणे विकता येते. मोठा, स्वच्छ, गडद आणि स्वस्त, हे चारही गुण त्यात मिळतात.

खडा सुटा आहे ही सोयीची गोष्ट आहे. आपल्याकडील कोणत्याही सराफाकडे कॅरेटचा काटा असतो. त्यांना खड्याचे हवेतील वजन आणि बारीक तारेच्या झोळीत टांगून पाण्यात बुडवलेल्या अवस्थेतील वजन, अशी दोन्ही वजने करून देण्याची विनंती करा. ३.२० कॅरेटचे बेरिल पाण्यात साधारण २.०१ कॅरेट भरेल, माणिक २.४० आणि लालडी, म्हणजे स्पिनेल, सुमारे २.३१. लाल टूर्मलीन २.१५ च्या आसपास येईल. तारेचे वजन वजा करायचे आणि खड्याला बुडबुडा चिकटू द्यायचा नाही, एवढी काळजी घ्या. आकडा काय येतो ते इथे लिहा.

रानवाट (लातूर) यांचे उत्तर

एवढा खटाटोप कशासाठी? लाल बेरिल काचेपेक्षा कठीण असते. खिडकीच्या काचेवर खडा ओढून पाहावा. ओरखडा उठला तर खरा, नाही तर काच.

जुना सराफा (जालना) यांचे उत्तर

रानवाट, कृपया असे करायला कोणालाही सांगू नका. काचेवर ओरखडा साधी गारगोटीही उठवते, गार्नेट उठवते आणि रशियन कृत्रिम बेरिलही उठवते, म्हणजे त्यातून निष्पन्न काहीच होत नाही. उलट ओढताना पैलूची धार उडाली तर खडा परत घेण्यास विक्रेता नकार देईल, आणि तो नकार रास्त असेल.

अभ्यासू (हिंगोली) यांचे उत्तर

मी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आम्हाला वर्गात जगातील सर्वांत दुर्मीळ लाल रत्न म्हणून पेनाइटचे नाव सांगितले होते. लाल बेरिल त्याहून दुर्मीळ आहे का?

कातळवाचक (नांदेड) यांचे उत्तर

चांगला प्रश्न आहे. ब्रह्मदेशातील मोगोक परिसरात, म्हणजे माणकांच्या जुन्या प्रदेशात, आर्थर पेन या ब्रिटिश रत्नव्यापाऱ्याला १९५० च्या दशकात एक गडद लाल स्फटिक मिळाला. तो माणिक समजला गेला होता, परंतु तपासणीत नवेच खनिज निघाले आणि १९५७ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. त्यात झिर्कोनियम आणि बोरॉन एकत्र आहेत. निसर्गात ही दोन मूलद्रव्ये एका खनिजात क्वचितच एकत्र येतात. कित्येक वर्षे त्याचे फक्त दोन स्फटिक ठाऊक होते, तिसरा १९७९ मध्ये ओळखला गेला. या शतकाच्या पहिल्या दशकात मात्र त्याच परिसरात मूळ खडकातील साठे सापडले आणि तुकड्यांची संख्या पुष्कळ वाढली, तरी पैलू पाडण्याजोगे अगदी मोजकेच. म्हणून ‘सर्वांत दुर्मीळ’ हा किताब मी कोणालाच देत नाही. पेनाइटच्या साठ्यांचा पत्ता उशिरा लागला, तर लाल बेरिलची जागा आपल्याला ठाऊक आहे आणि ती लहान आहे, हा दोघांतला फरक मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

तगरवासी (धाराशिव) यांचे उत्तर

मूळ प्रश्नात पत्रिकेचा उल्लेख आहे, म्हणून एक गोष्ट नमूद करते. माणकाचा उपरत्न म्हणून आपल्याकडे लालडी वापरण्याची रीत जुनी आहे. लाल बेरिल १९०४ पर्यंत कोणालाच ठाऊक नव्हते, तेव्हा आपल्या कोणत्याही पारंपरिक रत्नग्रंथात त्याला माणकाची जागा दिलेली असणे शक्य नाही. श्रद्धेने अंगठी करायची असेल तर परंपरेतीलच खडा निवडणे मला अधिक सुसंगत वाटते, आणि लहान आकाराची चांगली लालडी माणकापेक्षा परवडते.

आणि मराठवाड्याचा स्वतःचा लाल दगड हवा असेल तर तो आहे. आमच्या तेर गावात, म्हणजे प्राचीन तगर नगरात, उत्खननात अकीक आणि लाल कार्नेलियनचे मणी सापडलेले आहेत. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासग्रंथात पैठणहून अकीक वर्गाचे दगड मोठ्या प्रमाणात भडोच बंदराकडे जात असल्याची नोंद आहे. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात प्राचीन तगरातील वस्तू पाहायला मिळतात. बहिणीला घेऊन एकदा जरूर या. कार्नेलियनचा लाल रंगही लोहाचाच, आणि तोही सरांनी सांगितलेल्या त्याच बेसाल्टच्या पोकळ्यांतून येणारा. त्याला दुर्मीळतेचे मोल नाही, पण इथल्या कारागिरांच्या हातून घडलेला दोन हजार वर्षांचा इतिहास त्याच्या पाठीशी आहे.

गोदाकाठ (परभणी) यांचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. विहिरीतल्या स्फटिकाच्या एका तुटक्या तुकड्यावर सुरीचे टोक ओढले, लगेच पांढरी रेघ उठली. एक सपाट बाजू शिंपल्यासारखी झळकते, तेही सरांनी लिहिले तसेच आहे. चुलत्यांची थोडी निराशा झाली, परंतु स्फटिक खडकासह जपून ठेवायला ते तयार आहेत.

खड्याचे वजन इथल्या सराफांकडे माझ्यासमोर झाले. हवेत ३.२० कॅरेट, पाण्यात २.०१ कॅरेट. म्हणजे तो बेरिलच आहे, बरोबर ना? आता विक्रेत्यावर विश्वास ठेवायला हरकत नसावी, असे घरच्यांचे मत पडले आहे.

जुना सराफा (जालना) यांचे उत्तर

एवढ्यावर व्यवहार करू नका. २.०१ या आकड्याने माणिक, लालडी, गार्नेट आणि टूर्मलीन बाद झाले, हे खरे. पण स्फटिक, म्हणजे क्वार्ट्झ, याच वजनाचा खडा पाण्यात १.९९ भरतो; इतका सूक्ष्म फरक साध्या काट्यावर भरवशाने धरता येत नाही. काही काचाही याच घनतेच्या असतात. आणि मुख्य म्हणजे कृत्रिम लाल बेरिलची घनता नैसर्गिकाशी जवळपास जुळते. म्हणून हा निकाल माझी शंका दूर करत नाही. उलट रशियन मालाची शक्यता त्याने वाढते, कारण वजन बेरिलचे आणि स्वच्छता कृत्रिमाची असा मेळ दिसतो.

पुढची पायरी प्रयोगशाळेची. तिथे आधी अपवर्तनांक, म्हणजे खड्यात शिरताना प्रकाश किती वळतो याचे माप, पाहतील: बेरिल असेल तर १.५६ ते १.५८ च्या दरम्यान येईल, क्वार्ट्झ असेल तर १.५४ ते १.५५ वर थांबेल, काच असेल तर दुहेरी अपवर्तन, म्हणजे एका किरणाचे दोन होणे, दिसणारच नाही. त्यानंतर सूक्ष्मदर्शकाखाली वाढीच्या खुणा पाहतात. कृत्रिम बेरिलमध्ये एकात एक बसवलेल्या बाणाच्या टोकांसारख्या नागमोडी रेषा असतात. घरच्या भिंगातून त्या दिसत नाहीत, विशिष्ट कोनातून प्रकाश टाकला की उमटतात. आपल्याला खडा अगदी निर्मळ वाटला, तो यामुळेही असू शकेल.

कातळवाचक (नांदेड) यांचे उत्तर

सराफांच्या म्हणण्याला एक जोड देतो, कारण पाण्याचा धागा इथे पुन्हा उपयोगी पडतो. कृत्रिम लाल बेरिल तप्त पाण्यातच वाढवतात. त्यामुळे निसर्गात ज्या नळ्या कोरड्या राहतात, त्या कारखान्यातील खड्यात पाण्याने भरतात. अवरक्त वर्णपटात हे पाणी स्पष्ट ओळखू येते. शिवाय त्या मालात रंगासाठी मँगनीजबरोबर कोबाल्टही घातलेले असते आणि दृश्य वर्णपटात कोबाल्टचे शोषणपट्टे, म्हणजे त्याने शोषलेल्या रंगांच्या जागी काळे पट्टे, उमटतात. नैसर्गिक लाल बेरिलमध्ये ते नसतात. पाणी आणि कोबाल्ट दोन्ही सापडले तर निर्णयाला जागा उरत नाही. दिसायला एकसारख्या दोन खड्यांची जन्मभूमी अशी अंतरंगातील पाण्यावरून सांगता यावी, हे मला आजही या विषयातले सर्वांत सुंदर प्रमाण वाटते.

जयपूर आणि मुंबई येथे रत्नपरीक्षणाच्या चांगल्या प्रयोगशाळा आहेत. खडा पाठवताना ‘बेरिल आहे का’ एवढेच विचारू नका. ‘नैसर्गिक की कृत्रिम, आणि भेगा भरल्या आहेत का’ असे स्पष्ट लिहून मागा.

गोदाकाठ (परभणी) यांचा प्रतिसाद

विक्रेत्यांची परवानगी घेऊन खडा मुंबईला पाठवला होता, अहवाल आला आहे. त्यात खनिजाचे नाव बेरिल, रंग लाल, आणि उत्पत्तीच्या रकान्यात ‘कृत्रिम, जलौष्णिक पद्धत’ असे लिहिले आहे. शेऱ्यामध्ये नागमोडी वाढरेषा आणि कोबाल्टचे शोषणपट्टे या दोन्हींचा उल्लेख आहे. विक्रेत्यांना अहवाल दाखवला; त्यांनी तो माल त्यांच्याकडेही दुसऱ्याकडून असाच आला होता असे सांगून खडा परत घेतला आणि आता कॅरेटला आठशे रुपयांत देऊ करत आहेत. खडा बहिणीला अजूनही आवडतो. घ्यावा का?

जुना सराफा (जालना) यांचे उत्तर

आवडत असेल तर शोभेची अंगठी म्हणून अवश्य घ्यावा. कठिनता चांगली आहे, रोजच्या वापरात टिकेल. दोन अटी मात्र घाला. पावतीवर ‘कृत्रिम लाल बेरिल’ असे पूर्ण शब्दांत लिहून घ्या. नुसते ‘लाल पाचू’ किंवा नुसते ‘बेरिल’ नको, म्हणजे उद्या ही अंगठी घरातील दुसऱ्या कोणाच्या हाती गेली तरी त्यांची फसगत होणार नाही. आणि अहवालाची मूळ प्रत विक्रेत्याकडे न ठेवता स्वतःकडे ठेवा. तो खडा पुढे नैसर्गिक म्हणून दुसऱ्या गिऱ्हाइकाला दाखवला जाऊ नये, यासाठीही आपण घेणेच बरे. आठशेचा भाव अजून थोडा उतरेल, आग्रह धरा. पत्रिकेच्या अंगठीसाठी लालडी पाहायची असेल तर तगरवासी ताईंचे म्हणणे योग्य आहे. फक्त तीही अहवालासहच घ्या, कारण कृत्रिम स्पिनेल बाजारात लाल बेरिलपेक्षा कितीतरी अधिक आहे.